खोडदच्या जीएमआरटीवर आठवडाभर शिफ्ट: नागपूरहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नागपूरला भौतिकशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या किंवा नुकत्याच पीएचडीला लागलेल्या मुलामुलींना एक दिवस गाइड सांगतात, "आपलं प्रपोजल मंजूर झालं. पुढच्या महिन्यात आठवडाभर खोडदला जायचंय, शिफ्ट तुम्ही सांभाळा." जीएमआरटी, म्हणजे खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, वापरायला मिळणार म्हणून आनंद होतो आणि पाठोपाठ धास्ती वाटते. पुण्यातल्या मुलांना विचारायला सीनियर असतात, खोडदही त्यांना दोन तासांवर. आपल्याकडे या विषयातलं माणूस शोधावं लागतं. मला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी, याला त्याला विचारत कळलं. तुम्हाला ते एका जागी मिळावं म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक धास्ती काढून टाका. दुर्बीण तुम्हाला चालवायची नसते. त्यासाठी कंट्रोल रूममध्ये चोवीस तास ऑपरेटर असतात आणि ते त्या कामात मुरलेले असतात. तुमच्याकडे तीन कामं: योजना पक्की करून नेणं, जागं राहून पडद्यावर काय दिसतंय ते बघणं आणि जे घडेल ते वेळेसकट लिहून ठेवणं. तिसरं काम सगळ्यात साधं वाटतं आणि सगळ्यात जास्त तेच राहून जातं.

१. दुर्बिणीची कामापुरती ओळख

जीएमआरटी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला खोडदजवळ आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं केंद्र, एनसीआरए, ती चालवतं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली आणि २००२ पासून जगभरच्या संशोधकांसाठी खुली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या भागात, ज्याला तिथे सगळे सेंट्रल स्क्वेअर म्हणतात. उरलेल्या १६ वाय आकाराच्या तीन भुजांवर. टोकाच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचं अंतर आहे.

अँटेनांची नावं पाठ करून जा. मधल्या चौकात सी०० ते सी१४, त्यात सी०७ नाही. पश्चिमेला डब्ल्यू०१ ते डब्ल्यू०६, पूर्वेला ई०२ ते ई०६, दक्षिणेला एस०१ ते एस०४ आणि एस०६. रात्री तीनला ऑपरेटर म्हणाले, "ई०६ गेली," तर तुमच्या आकाशाच्या नकाशातली नेमकी कुठली गोष्ट गेली हे तिथल्या तिथे कळायला हवं. टोकाच्या अँटेना बारीक तपशील देतात, मधल्या चौकातल्या अँटेना पसरट, अंधूक भाग पकडतात. तीसपैकी तीन-चार दुरुस्तीला असणं नेहमीचंच आहे. किती गेल्या याहून कुठल्या गेल्या हे जास्त महत्त्वाचं.

बँड, म्हणजे वारंवारतेचा पट्टा, कुठला ते प्रपोजलमध्ये ठरलेलं असतं: बँड ३ म्हणजे २५० ते ५०० मेगाहर्ट्झ, बँड ४ म्हणजे ५५० ते ८५०, बँड ५ म्हणजे साधारण १०५० ते १४५०. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा बँड ५ मध्ये सापडते. याखेरीज खालचा बँड २ आहे. तुमच्या बँडला एका वेळी आकाशाचा केवढा भाग दिसतो हेही बघून ठेवा: बँड ३ ला सव्वा अंशाच्या आसपास, बँड ५ ला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी.

२. वेळ मिळते कशी

वर्षात दोन सत्रं असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येक सत्राआधी प्रपोजल मागवतात, ते एनसीआरएच्या ऑनलाइन यंत्रणेतून भरायचं. वेळवाटप समिती मंजूर करते तितके तास मिळतात. आठवडाभर सलग दुर्बीण कुणालाच मिळत नाही. "आठवड्याची शिफ्ट" म्हणजे त्या सात दिवसांत पसरलेले काही स्लॉट, एकेक पाच-सहा ते दहा तासांचा, बहुतेकदा आडवेळेचा.

प्रत्यक्ष न जाताही निरीक्षण करून घेता येतं आणि अनेक जण तसंच करतात. तरी निदान पहिल्या वेळी जाच. डेटा कुठून, कसा आणि कोणाच्या हातून येतो हे एकदा बघितलं की पुढे वर्षभर प्रत्येक आलेख वेगळा वाचता येतो. पदवीच्या मुलांना स्वतःचं प्रपोजल जमणार नाही. त्यांच्यासाठी एनसीआरएचे उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांना बघता येते. कॉलेजची सहल न्यायची असेल तर तोच मुहूर्त धरा.

३. निघण्याआधी एलएसटीचा तक्ता करा

इथे जरा वेळ काढून वाचा, कारण आठवडा फसतो तो बहुधा इथेच.

आपलं घड्याळ सूर्याप्रमाणे चालतं, आकाशातले स्रोत ताऱ्यांच्या वेळेप्रमाणे उगवतात. हीच एलएसटी, म्हणजे स्थानिक नाक्षत्र वेळ. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा. म्हणजे तुमचा स्रोत रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतो आणि चार मिनिटं आधी मावळतो. सोमवारी शिफ्टच्या शेवटी स्रोत जेमतेम वर असेल, तर पुढच्या सोमवारी त्याच वेळेला तो मावळून जवळजवळ अर्धा तास झालेला असतो. एकाच दिवसाचा हिशोब करून तो आठवडाभर चालवू नका. प्रत्येक स्लॉटसाठी वेगळी ओळ करा.

दुसरा सापळा खास आपल्या गावचा. स्टेलॅरियम किंवा तत्सम आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ठिकाण नागपूरच राहून जातं. नागपूर पूर्व रेखांश ७९ अंशांच्या थोडं पुढे, खोडद ७४ अंशांच्या थोडं पुढे. पाच अंशांचा फरक म्हणजे वीस मिनिटं. १४ एप्रिलच्या सुमारास ३सी २८६ हा प्रसिद्ध कॅलिब्रेटर (माप जुळवायला वापरायचा स्रोत) नागपूरच्या मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सगळ्यात उंच, रात्री सव्वाबाराच्या आसपास येतो, खोडदला तोच १२:३५ च्या पुढेमागे. वीस मिनिटं म्हणजे एक अख्खा कॅलिब्रेटर स्कॅन, म्हणजे त्याच्यावरचं सलग निरीक्षण. अ‍ॅपमध्ये अक्षांश १९ अंश ०५ मिनिटं उत्तर आणि रेखांश ७४ अंश ०३ मिनिटं पूर्व भरा आणि मग बघा.

तिसरा सापळा क्षितिजाचा. जीएमआरटीच्या अँटेना क्षितिजापासून सुमारे १७ अंशांच्या खाली झुकत नाहीत. अ‍ॅप म्हणतं उगवला, पण दुर्बिणीसाठी तो अजून उगवलेला नसतो.

आणि चौथा तारखेचा. स्लॉट "१२ तारखेला ००:३०" असा लिहिला असेल तर ती ११ तारखेची रात्र आहे. ऐकायला बाळबोध वाटतं, पण पहाटेच्या तिकिटात माणसं जशी फसतात तशीच इथेही फसतात. तक्त्यात वार लिहा, तारीख लिहा, भारतीय वेळ लिहा, शेजारी यूटीसी लिहा (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा) आणि त्यापुढे एलएसटी. छापून न्या. एक प्रत गाइडकडे ठेवा.

४. कॅलिब्रेटर आणि कमांड फाइल

दुर्बीण जो आकडा देते तो थेट जान्स्कीत नसतो. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६ वा घात इतके वॅट. इतक्या बारीक सिग्नलचं माप घ्यायचं तर ज्याची तीव्रता नीट माहीत आहे असा स्रोत आधी बघावा लागतो. जीएमआरटीवर त्यासाठी नेहमीचे तीन: ३सी ४८, ३सी १४७ आणि ३सी २८६. स्लॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी यांतल्या एकावर दहा-पंधरा मिनिटं द्या. बँडपास (बँडमधल्या वेगवेगळ्या वारंवारतांना मिळणारा असमान प्रतिसाद) दुरुस्तीलाही तेच उपयोगी पडतात.

आता एक खाचखळगा. खोडदहून ३सी २८६ साधारण १९ एलएसटीच्या आधी १७ अंशांच्या खाली जातो आणि ३सी ४८ वीस एलएसटी उलटून गेल्यावर वर येतो. ३सी १४७ त्याच्याही नंतर. म्हणजे मध्ये तासाभराची फट आहे, जिच्यात तिघांपैकी कुणीच नसतो. जुलैच्या मध्यात ही फट मध्यरात्रीनंतर लगेच येते. तुमचा स्लॉट या फटीत संपत असेल तर शेवटचा कॅलिब्रेटर आधीच उरकून घ्या. तक्त्यात ही फट लाल पेनाने आखून ठेवा.

तीव्रतेच्या कॅलिब्रेटरबरोबर फेज, म्हणजे लहरींचा ताल, जुळवायला फेज कॅलिब्रेटर लागतो: तुमच्या स्रोताजवळचा, ठळक, बिंदूसारखा. व्हीएलए या अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणीच्या कॅलिब्रेटर यादीतून निवडतात. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा त्याच्यावर चार-पाच मिनिटं जायचं. जवळचा म्हणून फिकट कॅलिब्रेटर घेण्यापेक्षा थोडा लांबचा पण ठळक घ्यावा, असं माझं मत आहे, विशेषतः खालच्या बँडला.

हा सगळा क्रम कमांड फाइलमध्ये जातो. ती तयार करायचं ऑनलाइन साधन आहे. स्रोतांची यादी द्या, वेळा द्या, फाइल मिळते. पाठवण्याआधी दोन गोष्टी हाताने तपासा. एक, सरकायला लागणारा वेळ. अँटेना मिनिटाला क्षितिजसमांतर साधारण ३० अंश आणि उभ्या दिशेने साधारण २० अंश फिरते. आकाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला पाच-सहा मिनिटं सहज जातात आणि ती तुमच्याच स्लॉटमधून जातात. दोन, दिगंशाची, म्हणजे आडवं फिरण्याची, मर्यादा. अँटेना मध्यापासून दोन्ही बाजूंना २७० अंशांपर्यंतच वळते, कारण तिच्या आतल्या केबल्सना पीळ बसतो. स्रोतांचा क्रम चुकीचा लावला तर मध्येच तिला उलटं फिरून यावं लागतं. क्रम बदलला की हा वेळ वाचतो.

स्रोताचे निर्देशांक जे२००० (सन २००० च्या संदर्भाने मोजलेल्या) पद्धतीतच आहेत ना, उणे क्रांतीचं (खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचं अंतर) चिन्ह गळलं तर नाही ना, हे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. स्वतःच लिहिलेलं स्वतःला दिसत नाही.

५. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं: कॉलेज किंवा विद्यापीठाचं ओळखपत्र, आधार, गाइडचं पत्र, प्रपोजलचा क्रमांक (सत्राचा आकडा, मग अनुक्रमांक असा असतो), मंजूर वेळेचा ईमेल, गेस्ट हाउसच्या बुकिंगची पोच. सगळं छापील. तिथे पोहोचल्यावर फोनवर दाखवू म्हणाल, तर फोन बंद ठेवायची वेळ आलेली असेल.

सामानात या वस्तू हव्याच:

लॅपटॉप, आणि नव्या लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसतं म्हणून लॅनचा अ‍ॅडॅप्टर. वायफायच्या भरवशावर जाऊ नका.

वायरचा माउस, वायरचे इअरफोन. ब्लूटूथचं सगळं घरी ठेवा, स्मार्टवॉचसुद्धा. साधं काट्यांचं घड्याळ न्या.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क, शक्यतो दोन. रुंद बँडचा डेटा स्लॉटमागे शंभर-दोनशे जीबीपर्यंत सहज जाऊ शकतो. डिस्क आधी फॉरमॅट करून, मोठ्या फाइल चालतात का ते तपासून न्या.

जाड पुठ्ठ्याची वही आणि दोन पेनं.

स्वेटर आणि मोजे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकलेला असताना स्वेटर भरायला जिवावर येतं, पण यंत्रांसाठी थंड ठेवलेल्या खोलीत रात्रभर बसायचंय.

टॉर्च, नेहमीची औषधं, आणि कोरडा खाऊ. चिवडा, फुटाणे, संत्रा बर्फी. बर्फी थोडी जास्तच न्या. रात्रपाळीच्या ऑपरेटरांना नागपूरहून कोणी आलं की ती आठवतेच.

६. नागपूरहून खोडद

बहुतेक जण सरळ पुणे गाठतात: रात्रीची रेल्वे किंवा गणेशपेठहून एसटी किंवा खासगी ट्रॅव्हल्स. पुण्यात एनसीआरए विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडला आहे. तिथून खोडदला संस्थेचं वाहन जातं. आधी ईमेल करून त्यात जागा मिळते का ते विचारा, मिळाली तर यासारखी सोय नाही. नाहीतर शिवाजीनगर आगाराच्या गाड्या वाकडेवाडीहून सुटतात, त्यातली नाशिककडे किंवा जुन्नरकडे जाणारी धरून नारायणगावला उतरायचं.

दुसरा रस्ता कमी लोकांना सुचतो. नागपूर–पुणे गाड्या बहुतेक मनमाड–दौंड मार्गाने जातात आणि वाटेत अहिल्यानगर लागतं. ट्रॅव्हल्सही त्याच गावातून जातात. तिथे उतरा, कल्याणकडे जाणारी एसटी पकडा, आळेफाट्याला उतरा. आळेफाट्याहून नारायणगाव जवळ आहे, पुणे–नाशिक रस्त्यावर दक्षिणेला. पुण्यापर्यंत जाऊन परत वर यायचा फेरा वाचतो. सामान जड असेल किंवा एकट्याने पहिल्यांदाच जात असाल तर मात्र पुण्यावरूनच जा.

नारायणगावहून खोडद दहा-बारा किलोमीटर. दिवसा वाहन मिळतं, संध्याकाळनंतर भरवसा नाही. म्हणून पहिल्या शिफ्टच्या निदान एक दिवस आधी, उजेडात पोहोचाल असा बेत करा. रात्रभर प्रवास करून त्याच रात्री शिफ्टला बसणं म्हणजे पहिला स्लॉट झोपेच्या हवाली करणं. वाटेत नारायणगावला पैसे काढा आणि काही राहिलं असेल तर घ्या. टोमॅटोच्या बाजारामुळे आणि तमाशाच्या फडांमुळे नाव असलेलं हे मोठं गाव आहे, सगळं मिळतं.

७. पोहोचल्यावर

फोन बंद. एअरप्लेन मोड चालेल का, कुठे चालेल, कुठे नाही, हे तिथे सांगतील ते तंतोतंत पाळा. हा नियम शिस्तीसाठी केलेला नाही. ज्या सिग्नलसाठी माणसं दूरदूरहून येतात त्याच्यापुढे खिशातला फोन अतिप्रचंड आहे, आणि तुमच्या फोनने बिघडतो तो डेटा दुसऱ्या कुणाचा तरी असू शकतो.

घरच्यांना हे निघण्याआधी समजावून सांगा. "पोहोचल्यावर फोन कर" हे आईचं वाक्य खोडदला लागू पडत नाही. गेस्ट हाउसचा लँडलाइन क्रमांक घरी लिहून द्या आणि रोजची एक वेळ ठरवा, म्हणजे त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

पहिल्याच दुपारी कंट्रोल रूममध्ये जाऊन ओळख करून घ्या. ड्यूटीवरच्यांना प्रपोजलचा क्रमांक सांगा, कमांड फाइल मिळाली का विचारा, बँड आणि बँडविड्थ एकदा मोठ्याने वाचून जुळवा. आज कुठल्या अँटेना बंद आहेत ते विचारा. वयाने मोठे ऑपरेटर असतील तर सर किंवा मॅडम, जवळचे असतील तर दादा, ताई. नवखे आहात हे सांगून टाका. माझ्या अनुभवात तिथे कुणी प्रश्नाला कंटाळलेलं दिसलं नाही.

परवानगी घेऊन एखादी अँटेना दिवसाउजेडी जवळून बघा. एवढी मोठी डिश, पण तिच्यातून आकाश आरपार दिसतं. स्टीलच्या तारांची बारीक जाळी, आतल्या भागात १० मिलिमीटरची, बाहेर जाताना १५ आणि मग २० मिलिमीटरची, ताणलेल्या दोरांवर बसवलेली. लांब लहरींना ही जाळी भरीव आरशासारखीच असते आणि वारा मात्र तिच्यातून निघून जातो. इतक्या कमी वजनात आणि खर्चात ४५ मीटरच्या तीस अँटेना उभ्या करता आल्या त्या याच युक्तीवर.

८. शिफ्ट: काय बघायचं आणि काय लिहायचं

वेळेच्या अर्धा तास आधी बसा. आधीच्या निरीक्षकाची वेळ संपत असते, सेटिंग बदलत असतं, आणि याच अर्ध्या तासात बहुतेक गडबडी लक्षात येतात.

पहिला स्कॅन तीव्रतेच्या कॅलिब्रेटरवर. पडद्यावर प्रत्येक अँटेनाची तीव्रता आणि फेज दिसते. तीसही अँटेना चालू असतील तर ४३५ जोड्या होतात. सगळ्या बघत बसू नका, मधल्या चौकातली एक चांगली अँटेना संदर्भ धरून बाकीच्या तिच्याशी बघा. चांगल्या अँटेनाची फेज कॅलिब्रेटरवर एका सरळ किंवा हळू वळणाऱ्या रेषेत राहते. ठिपके वरपासून खालपर्यंत मोहरी सांडल्यासारखे विखुरले असतील तर त्या अँटेनाला फ्रिंज, म्हणजे दुसऱ्या अँटेनाच्या सिग्नलशी जुळणारा नमुना, मिळत नाहीये. तीव्रता जवळजवळ शून्य असेल तर ती स्रोतावर नाही किंवा तिचा सिग्नल पोहोचत नाही. दोन्ही ध्रुवीकरणं (लहरींच्या कंपनाचे दोन प्रकार) वेगवेगळी तपासा. कधी एकच गेलेलं असतं. जे दिसेल ते लगेच सांगा. कॅलिब्रेटरवर असताना दहा मिनिटांत सुटणारी अडचण तुमच्या फिकट स्रोतावर गेल्यावर दिसतही नाही.

पल्सारचं (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद देणाऱ्या ताऱ्याचं) निरीक्षण असेल तर अजून एक काम. सगळ्या अँटेनांचे सिग्नल एका तालात आणून मिळवतात, आणि तो ताल सुटत जातो, खालच्या बँडला आयनावरणामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) जास्त लवकर. तास-दोन तासांनी कॅलिब्रेटरवर जाऊन तो पुन्हा जुळवायचा, हे योजनेत आधीच धरा.

आता वही. नोंद अशी दिसली पाहिजे:

२२:०५ – सुरुवात. २७ अँटेना. सी०५, ई०४, एस०३ बंद.
२२:१० ते २२:२४ – ३सी २८६. डब्ल्यू०२ चं एक ध्रुवीकरण कमी. ऑपरेटरला सांगितलं.
२३:५२ – ई०६ ट्रॅकिंग थांबलं.
००:०३ – ई०६ परत आली. मधला डेटा काढून टाकायचा.
०१:३१ – वारा वाढला, वेग विचारला. अँटेना चालूच.
०२:१५ – फेज कॅलिब्रेटर. सगळ्या २७ ठीक.

वेळ, अँटेना, काय झालं, कोणाला सांगितलं. "मध्ये जरा गडबड झाली होती" ही नोंद नव्हे. सगळं ठीक असेल तेव्हाही तासातून दोनदा "ठीक" लिहा, कारण चार महिन्यांनी नागपुरात बसून डेटा साफ करताना कोऱ्या जागेचा अर्थ लागत नाही. दुर्बीण स्वतःची नोंद ठेवते हे खरं, पण ०१:३१ ला वारा वाढला होता आणि तुम्ही त्या वेळी फेजकडे बघितलं होतं हे तिला माहीत नसतं.

९. अडथळे येणारच

वारा: साधारण ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला की अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या ठेवतात. एप्रिल-मेच्या दुपारी, वळवाच्या वादळात हे होतं. वाद घालू नका, वेळ लिहा. किती वेळ गेला त्याचा हिशोब गाइडला पाठवा. भरपाईची मागणी त्यावरूनच करता येते.

रेडिओ अडथळे: बँड ३ मध्ये ३६०–३८० मेगाहर्ट्झच्या आसपास उपग्रह, बँड ५ मध्ये १,१७६ आणि १,२२७ मेगाहर्ट्झजवळ दिशादर्शक उपग्रह, त्याहून खालच्या वारंवारतांना विमानांची यंत्रणा. हे नेहमीचे, त्यांची सवय होते. विजेच्या तारांवर होणाऱ्या ठिणग्यांचा अडथळा मात्र रुंद पसरतो आणि कोरड्या दिवसांत वाढतो. नवीन काही दिसलं तर वारंवारता आणि वेळ लिहून ऑपरेटरला दाखवा. शोध घ्यायला त्यांच्याकडे स्वतंत्र लोक आहेत.

आयनावरण: खालच्या बँडला सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास फेज भराभर बदलते. त्या तासात फेज कॅलिब्रेटरच्या फेऱ्या वाढवून घ्या.

योजनाच कोलमडली, अर्ध्याहून जास्त अँटेना गेल्या, तर काय बघायचं? यासाठी एक ठळक, पर्यायी स्रोत कमांड फाइलसोबत तयार ठेवा. मध्यरात्री गाइडला विचारायची वेळ आणू नका, ते आधीच ठरवून घ्या.

१०. झोप, जेवण आणि रात्रीचा रस्ता

स्लॉट रोज वेगळ्या वेळी असतात, त्यामुळे झोपेची घडी बसत नाही. दिवसा खोलीचे पडदे ओढून सलग झोपा, तुकडे करू नका. कॅन्टीनच्या वेळा पहिल्याच दिवशी वहीत उतरवा आणि रात्रपाळी असेल तर जेवणाचं आधी सांगून ठेवा. जेवण साधं असतं. सावजीच्या तिखटाची सवय असलेल्यांनी ठेचा बरोबर न्यावा. पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात कठीण वेळ. तेव्हा चहापेक्षा उभं राहून पडदा वाचणं जास्त उपयोगी पडतं.

जुन्नर तालुक्यात उसाच्या शेतांमधून बिबटे आहेत आणि हे गंभीरपणे घ्या. अंधार पडल्यावर आवाराबाहेर पायी जाऊ नका, आतही गेस्ट हाउस ते कंट्रोल रूम एकट्याने चालत जायचं की नाही हे तिथल्या सुरक्षारक्षकांना विचारून ठरवा. ते सांगतील त्या वाटेने, टॉर्च लावून जा.

११. डेटा घेऊन परत

मूळ डेटा एलटीए नावाच्या स्वरूपात असतो, तो लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स या साधनांनी फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या स्वरूपात आणतात. तिथे असतानाच निदान एका स्लॉटचं रूपांतर करून बघा, शंका विचारायला माणसं समोर असतात. कॉपी झाली की फाइलचा आकार मूळ फाइलशी ताडून बघा, आणि एक तरी फाइल उघडून स्कॅनची यादी वहीशी जुळवा. दोन डिस्क असतील तर प्रवासात दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. डेटा एनसीआरएच्या संग्रहातही जातो, पण तो मागवून नागपूरच्या इंटरनेटवर उतरवत बसण्यापेक्षा हातात असलेला बरा.

निघताना कंट्रोल रूममध्ये जाऊन अडचणींची नोंद त्यांनाही द्या. तुम्ही लिहिलेलं "ई०६, २३:५२" दुरुस्ती करणाऱ्यांच्या कामाचं असतं.

नागपूरला आल्यावर चार दिवस झोप काढा, पण पंधरवड्याच्या आत कासा किंवा रेडिओ डेटा हाताळायचं तुमच्याकडे जे सॉफ्टवेअर असेल ते उघडा. वहीत लिहिलेल्या वाईट वेळा आणि बंद अँटेना सगळ्यात आधी फ्लॅग करा, म्हणजे वगळायच्या म्हणून खूण करा, मग तीव्रतेचा कॅलिब्रेटर, मग फेज. वहीची पानं स्कॅन करून डेटाच्या फोल्डरमध्येच ठेवा, म्हणजे पुढच्या बॅचच्या मुलांना तो डेटा वापरता येईल. आणि प्रबंध, पोस्टर किंवा शोधनिबंध जे काही तयार होईल त्यात जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांच्या आभाराचं ठरलेलं वाक्य आहे, ते जसंच्या तसं घाला.